मोटारीच्या रंगाचे घरगुती जतन
मोटारीच्या रंगावर क्लिअरकोट नावाचा जो पारदर्शक लेप असतो, त्याची जाडी साधारणतः 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाएवढी असते, आणि कोरड्या फडक्याने धूळ पुसताना त्या धुळीतील कठीण कण या लेपावरच सूक्ष्म ओरखडे पाडतात, जे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे उमटून दिसतात. म्हणून आधी पाण्याच्या धारेने धूळ वाहून जाऊ द्यावी आणि मगच गाडी सावलीत, टपापासून खाली येत, मोटारीसाठीच्या शाम्पूने धुवावी. यात शाम्पूची बादली आणि फडके खळबळण्याची बादली वेगळी ठेवणे हे सर्वांत मोलाचे. शाम्पूऐवजी भांड्यांचा साबण वापरू नये, कारण तो रंगावर लावलेल्या मेणाचा संरक्षक थर उतरवतो. बोअरवेलचे जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार अधिक असलेले पाणी पत्र्यावर वाळल्यास पांढरे डाग उरतात, त्यामुळे ते पाणी मायक्रोफायबरच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कृत्रिम तंतूंच्या फडक्याने लगेच टिपून घ्यावे.