तंजावरची सावली

चित्रकाराची शिदोरी हलकी असावी. आम्ही तिघे मित्र तंजावरला निघालो, तेव्हा झोळीत एक फळी, चार कागद, शिसपेन्सिल, रंगांची लहानशी पेटी आणि पाण्याची बाटली एवढेच होते. बृहदीश्वराच्या प्राकारात सकाळीच बसलो. कारण पुढे उन्हात रंग कुंचल्यावरच सुकू लागतो. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या या देवळाच्या शिखराची सावली भूमीवर पडत नाही, असे लोक सांगतात. तिघांच्याही कागदांवर मात्र ती पश्चिमेकडे लांबवर पसरली होती! मग देवळाच्याच भिंतीवर १८०३ साली कोरलेल्या भोसले कुळाच्या मराठी इतिहासाकडे वळलो. वाचताना निसटलेली अक्षरांची वळणे रेखाटताना हाताला गवसली.