रक्तातील साखर उतरते तेव्हा
(शेतकरी मेळाव्यातील भाषणावरून)



मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्केच. पण आपण स्वस्थ बसलो असताना शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. त्याचे मुख्य इंधन म्हणजे रक्तातील साखर, ग्लुकोज. यकृतात तिचा साठा असतो, मेंदूत नाममात्र. कणगी रिकामी असलेल्या घरासारखे त्याचे रोज आणायचे, रोज शिजवायचे.

आता मधुमेहाचा रुग्ण पाहा. सकाळी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेतली, न्याहारी राहिली आणि गडी उसाच्या मोळ्या वाहू लागला. औषध साखर उतरवते, राबणारे स्नायूही ती ओढतात. १०० मिलिलिटर रक्तात साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, भूक. ५४ च्या खाली मेंदूचेच काम बिघडते. बोलणे असंबद्ध होते, पाऊल अडखळते, माणूस उगाच भांडतो. अशा वेळी मेंदूकडे रक्ताचा ओघ वाढतो खरा. पण ठिबकच्या टाकीतील खत संपल्यावर नुसते पाणी कितीही सोडले तरी पिकाला काय मिळणार?

गावात अशा माणसाला ‘प्यायलाय’ म्हणून बांधावर बसवून ठेवतात. त्यातच जीव जातो. फवारणीच्या दिवशी घोटाळा अधिक. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेतही घाम व थरथर असते. मात्र तीत बहुधा लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. शंका असेल तर ताबडतोब दवाखाना गाठा. कीटकनाशकाचा डबा आणि गोळ्यांचे पाकीट दोन्ही बरोबर न्या.

रुग्ण शुद्धीवर असून त्याला गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पेढा नको, त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. १५ मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्या, मग भाकरी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

माणूस बोलू लागला म्हणून लगेच रानात पाठवू नका. अशा गोळीचा अंमल दिवसभर राहतो, मूत्रपिंड कमजोर असल्यास त्याहूनही जास्त, आणि साखर पुन्हा उतरते. एकादशी धरणाऱ्यांनी त्या दिवशीची मात्रा डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावी.