साथीदाराचं नाव
(विष्णुपुरी, नांदेड येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘मैफिलीचा पियानोवादक : जीवन आणि कारकीर्द’. बाख, बीथोवन, शोपँ ही नावं तुमच्या कानांवरची आहेत; स्पर्धा, दौरे, टाळ्या हेही तुम्ही जाणता. ते सगळं मी सोडून देतो. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. पियानोवादक रंगमंचाच्या मध्यावर बसतो आणि लोक त्याच्या नावावर तिकीट काढतात. पट्ट्यांच्या वाद्यावर तेवढंच आयुष्य ओतलेला एक माणूस आपल्या मराठवाड्यात जन्मला. तो गायकाच्या डावीकडे बसला आणि त्याचं नाव पत्रिकेच्या तळाशी, ‘साथसंगत’ या शब्दापुढे छापलं गेलं. त्यांचं नाव पंडित आप्पा जळगावकर. (टाळ्या)

जालना परिसरातले आप्पा, जन्म ४ एप्रिल १९२२. तालीम मिळाली ती गाण्याची, त्यातही धृपद-धमाराची. पेटी मात्र त्यांनी स्वतःच्या बळावर कमावली. म्हणूनच ती गळ्यासारखी चालायची. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांच्यासारखे, एकमेकांशी कुठेच न जुळणारे गळे. आप्पा प्रत्येकाच्या मागे वेगळे वाजत. पियानोवादकाची दहा बोटं सुरांवर असतात. आपल्या पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर अडकलेला. सगळं गाणं उजव्या हाताच्या बोटांतून काढायचं. समोर लिहिलेलं काही नाही. गायकाची तान अजून घशातही आलेली नसते आणि ह्यांना तिचा माग काढायचा असतो. त्याने श्वास घेतला की ती पोकळी भरायची, तो परतला की बाजूला व्हायचं. याला ‘नुसती साथ’ म्हणणाऱ्यांनी एकदा भात्याला हात लावून पाहावा. (हशा)

पहिल्या रांगेतल्या सरांची मान नकारार्थी हलते आहे. ते गाणं शिकवतात, मला माहीत आहे. पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, हाच आक्षेप ना सर? ठीक आहे, त्याचं उत्तर देतो, कारण या आक्षेपाने मोठं नुकसान केलं आहे.

सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की शुद्ध गंधार तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा पडतो. हे खरं आहे. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीत सांभाळणारे जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ टागोरांनीही विरोध केला. लायोनेल फिल्डन तेव्हा आकाशवाणीचे प्रमुख. १ मार्च १९४० पासून पेटी रेडिओवरून हद्दपार झाली! आप्पा तेव्हा अठराव्या वर्षात होते. ही बंदी सैल झाली १९७१ मध्ये, तीही ठरावीक दर्जाच्या कलावंतांच्या साथीपुरती. एकलवादन तेव्हाही बाहेरच राहिलं. म्हणजे आप्पांची ऐन उमेदीची तीसेक वर्षं अशा काळात गेली, जेव्हा देशातलं सगळ्यात मोठं व्यासपीठ त्यांच्या वाद्याला बंद होतं. कोणत्या पियानोवादकाच्या वाट्याला हे आलं, सांगा. (कुणीतरी मागून, ‘टागोर चुकले असं म्हणता?’) हो, या बाबतीत चुकले असं मी म्हणतो, आणि त्यांच्याविषयीचा आदर राखून म्हणतो. कारागिरांनी याच पेटीत सुरांचा मेळ बदलून ‘गंधार ट्यूनिंग’ केलं. ते एका पट्टीपुरतं सुरेल राहतं, पट्टी बदलली की अडचण येते. पण वाद्य सुधारू शकत होतं. त्याला बाहेर काढण्याची गरज नव्हती.

आणि हे मी नांदेडात सांगतो आहे! इथून गोदावरीच्या काठाने शहरात जा. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात रागी रोज पेटीवर कीर्तन करतात. आपल्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह पेटीशिवाय उभा राहत नाही. पॅरिसमध्ये १८४०च्या दशकात देबँ यांनी ज्या वाद्याचं पेटंट घेतलं, त्याला आपण पायांवरून हातावर आणलं, मांडी घालून बसवलं. ते परकं राहिलंच कुठे? गोविंदराव टेंब्यांनी त्याला मैफिलीत मान मिळवून दिला. गोविंदराव पटवर्धनांनी नाट्यसंगीत त्यातून…

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मग पटवर्धन आणि पेटीवादक तुळशीदास बोरकर यांच्यावर बोलणं राहिलं; बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, एवढं नोंदवतो. आप्पांच्या लेहऱ्याविषयीही बोलायचं होतं. तबलजी अर्धा तास मोकाट हिंडतो, आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा, लय तसूभर न हलवता धरून ठेवायची. हा संयम मला तानांपेक्षा मोठा वाटतो. आप्पांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार २००० साली मिळाला, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत. १६ सप्टेंबर २००९ रोजी पुण्यात ते गेले.

सभागृहात बरीच संयोजक मंडळी बसली आहेत. त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या मैफिलीच्या पत्रिकेत पेटीवाल्याचं नाव गायकाच्या नावाइतक्याच टाइपात छापा, आणि वर्षातून एक संध्याकाळ फक्त पेटीला द्या, मध्यभागी बसवून. त्या संध्याकाळचं पहिलं तिकीट मी काढीन.