पाणी क्लोरीन खातं



हिवाळा आला की दिल्लीच्या बातम्यांत एक वाक्य हमखास येतं: यमुनेत अमोनिया वाढला, वझिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राचं उत्पादन घटलं. मग लोक विचारतात, क्लोरीन जास्त टाका की, अडलंय कुठं?

तरुणपणी मीही असाच बोललो होतो. आमच्या तळावर पाणी यायचं ते खेचरांच्या तबेल्याखालच्या ओढ्याचं. मी दरडावलं, "पावडर टाकली ना? मग जवानांना पाणी द्या." नर्सिंग असिस्टंटनं हॉरॉक्स पेटीतले सहाही पेले पुढे केले. "साहेब, अर्धा तास झाला, एकही निळा झाला नाही. हे पाणी क्लोरीन खातंय." मी पाणी थांबवलं. कारण मात्र पुढे नातीच्या पुस्तकात सापडलं.

नायट्रोजनच्या बाहेरच्या कवचात 5 इलेक्ट्रॉन असतात. अष्टक पुरं व्हायला 3 कमी. हायड्रोजनकडे एकच. म्हणून एक नायट्रोजन तीन हायड्रोजनांशी एकेक जोडी सामायिक करतो. हा सहसंयुज बंध. कुणी देऊन टाकत नाही, कुणी हिसकावत नाही. दोघं मिळून वापरतात. मिथेनमध्ये कार्बन असे 4 बंध करतो, पाण्यात ऑक्सिजन 2.

आता हिशेब करा. नायट्रोजनचे 5 पैकी 3 गुंतले, 2 उरले. ही एकाकी जोडी. ती बाकीच्या बंधांना रेटते, म्हणून मिथेनमधला 109.5 अंशांचा कोन अमोनियात सुमारे 107 होतो. पाण्यात अशा जोड्या दोन, म्हणून कोन 104.5.

हीच जोडी क्लोरीनला धरते. एक हायड्रोजन सुटतो, त्याच्या जागी क्लोरीन बसतो आणि क्लोरामाइन तयार होतं. तेही जंतू मारतं, पण मोकळ्या क्लोरीनपेक्षा फार सावकाश. 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला हिशेबानं सुमारे 7.6 मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. पिण्याच्या पाण्यात आपल्या मानकाची मर्यादा लिटरला 0.5 मिलिग्रॅम आहे, ती उगाच नाही.

तेव्हा सोसायटीच्या टाकीत क्लोरीन टाकलं की "टाकलं" एवढ्यावर समाधान मानू नका. अर्ध्या तासानं उरलं किती, ते तपासा. त्या दिवशी माझा हुकूम पाळला गेला असता, तर जवान आजारी पडले असते.

जय हिंद.