पावसाची वही

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमात मला बोलावयास सांगितले, याबद्दल मी संस्थेचा आभारी आहे. अशा व्यासपीठावरून परीक्षा, नोकरी आणि उच्च शिक्षण यांवर अधिकारी माणसे बोलतात. माझा विषय त्या मानाने लहान आहे. मी शाळेत विज्ञान शिकवले आणि त्या नादाने गेली बरीच वर्षे घरच्या अंगणात पाऊस मोजला. त्यातून हवामानाचा अंदाज करण्याचा छंद लागला. तेव्हा मला हवामानशास्त्रज्ञ समजू नये. या छंदात मला जे शिकावयास मिळाले, आणि जे शिकताना दुसऱ्याचे नुकसान झाले, तेवढेच सांगणार आहे.

हा विषय आपल्या किनाऱ्याला परका नाही. "मौसम" हा शब्द मूळ अरबी. अरबी समुद्रावर जहाजे हाकणाऱ्यांनी ठराविक काळात वाहणाऱ्या वाऱ्यांच्या हंगामाला हा शब्द वापरला, आणि त्यावरूनच युरोपीय भाषांत "मॉन्सून" हा शब्द गेला. माझे आजोबा तांडेल होते. त्यांना लिहिता वाचता येत नव्हते, पण पहाटे दारात उभे राहून ते वाऱ्याचा अंदाज घेत. दिवसा समुद्रावरून येणारा तो खारा वारा, आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारा तो मतलई, हे मला त्यांच्याकडून प्रथम कळले. पुस्तकात ते फार उशिरा वाचले.

शेतीत आपल्याकडे सर्व समाजांचे लोक नक्षत्रांवर चालत आले आहेत. त्यालाही कारण आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो तर कधी पावसाळ्यात. पेरणीला असा सरकणारा महिना उपयोगी नाही. मृग, आर्द्रा, हस्त ही सूर्याची नक्षत्रे मात्र दरवर्षी जवळजवळ त्याच तारखांना येतात. ७ किंवा ८ जूनला मृग लागतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस हस्त. नक्षत्र हे हंगामाचे चांगले कॅलेंडर आहे. परंतु यंदाचे वाहन बेडूक आहे की गाढव, यावरून आपल्या गावात किती पाऊस पडेल हे ठरत नाही. वाहन पंचांगात साऱ्या मुलखासाठी एकच छापलेले असते, आणि पाऊस तर नदीच्या अलीकडे एक व पलीकडे दुसरा असतो.

याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर पडला. शहर एक, दिवस एक, आणि फरक बारा पटींहून अधिक. "मुंबईत पाऊस किती झाला?" या प्रश्नाला त्या दिवशी एक उत्तर नव्हते. म्हणून आपल्या गावाचा पाऊस आपणच मोजला पाहिजे. तालुक्याचा आकडा आपल्या ओढ्याला लागू पडेलच असे नाही.

पाऊस मोजावयास फार खर्च लागत नाही. काठाशी ११.३ सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे घ्यावे. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर १०० चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की खालच्या भांड्यात १० मिलिलिटर पाणी जमते. औषधाच्या दुकानातले मिलिलिटरच्या खुणांचे मोजपात्र आणावे आणि आकड्याला दहाने भागावे, झाले काम. मात्र भांडे मोठे हवे. पहिल्या वर्षी मी एक लिटरची बाटली लावली होती. ती १०० मिलिमीटरला भरते, आणि कोकणात एका रात्रीत त्याहून अधिक पडणे ही नवलाची गोष्ट नाही. बाटली भरून वाहिली आणि वर्षातला सर्वांत मोठा पाऊस माझ्या हातून निसटला. तेव्हापासून मी पाच लिटरचा डबा ठेवतो. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे मातीवरचे शिंतोडे आत उडत नाहीत. माड, आंबा किंवा घराची भिंत जितकी उंच असेल त्याच्या दुप्पट तरी अंतरावर मापक ठेवावा.

वेळ एकच पाळावी. आपल्या हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठला होते. आपणही तीच वेळ धरावी. आदल्या सकाळपासूनचा पाऊस वाचल्या दिवसाच्या तारखेवर लिहावयाचा. खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो "पावसाचा दिवस" धरतात. अंगण ओले झाले म्हणजे पावसाचा दिवस झाला, असे नाही.

आता वहीविषयी एक गोष्ट सांगतो. पाऊस पडला नाही त्या दिवशी ० लिहावे. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. एका पावसाळ्यात मी आजारी होतो, तेव्हा शेजारची आठवीतली मुलगी माझी वही सांभाळत होती. मी बरा होऊन वही पाहिली तर मध्ये तीन दिवस आकडा नव्हता, आणि तिथे तिने लिहिले होते, "लग्नाला गेले होते. चौथ्या दिवशी डब्यात जे होते ते चारही दिवसांचे मिळून आहे." मी तिला म्हटले, "बेटी, शास्त्रज्ञाला शोभेल अशी नोंद केलीस." तिला वाटले मी चेष्टा करतो. पण मी मनापासून बोललो होतो. त्या तीन घरांत काहीतरी आकडे भरणे सोपे होते, आणि ते कुणाला कळलेही नसते. अंदाजाने भरलेला आकडा खऱ्या आकड्यांच्या रांगेत उभा राहतो आणि पुढे कायम खोटी साक्ष देतो.

पाऊस मोजता मोजता मी थंडीकडे वळलो. आपल्याकडे आंब्याचे सारे अर्थशास्त्र सुरुवातीच्या थंडीवर उभे आहे. पाऊस लांबला आणि जमिनीत ओल राहिली तर हापूसला पालवी फुटते आणि मोहोर मागे पडतो. रात्री गार झाल्या तर मोहोराला मदत होते. त्यात ढगाळ हवा आली तर तुडतुडे आणि भुरी यांची भीती. म्हणून ऑक्टोबर उलटला की बागवाला विचारू लागतो, "थंडी कधी?"

ते पाहण्यासाठी मी तापमापक आणला आणि पडवीच्या भिंतीला टांगला. पहिल्या वर्षी गावातले सारे लोक कुडकुडू लागले तरी माझ्या वहीत थंडी येईना. मग ध्यानात आले की त्याच भिंतीच्या पलीकडे आमची चूल आहे आणि ती पहाटेच पेटते. तापमापक भिंतीपासून दूर, सावलीत, सुमारे सव्वा मीटर उंचीवर, वारा खेळेल अशा झडपांच्या पेटीत असावा लागतो. उपकरण खोटे बोलत नव्हते; मी त्याला चुलीचे तापमान विचारत होतो.

थंडीची चाहूल कशी लागते? प्रथम वारा बदलतो. पावसाळी नैऋत्य वारा थांबतो आणि सकाळचा मतलई अधिक वेळ टिकू लागतो. आकाश निवळते. ढग हे जमिनीवरच्या गोधडीसारखे असतात; ते दूर झाले की रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने सोडते. दवही पडू लागते. टेकडीवरून गार हवा खाली उतरते, म्हणून सखल जागी पहाटेचा पारा अधिक उतरतो आणि वरच्या वाडीत तुलनेने ऊब राहते. एकाच गावात दोन वाड्यांची थंडी वेगळी असू शकते. या खुणा सलग काही दिवस दिसल्या की मी "थंडी आली" असे सांगू लागलो. दोन तीन वर्षे ते बरोबर निघाले. लोक मला विचारू लागले आणि मलाही ते आवडू लागले.

मग २००९ सालचा नोव्हेंबर आला. आमच्या शेजारच्या चाचांचे गरवे भात कापून झाले होते आणि भारे शेतातच होते. मजूर गुरुवारी येणार होते. चाचांनी मला विचारले, "मास्तर, भारे आज घरच्यांनी मिळून खळ्यावर आणून झाकू, की गुरुवारपर्यंत राहू देऊ?" मी वही पाहिली. पाऊस थांबून दिवस झाले होते, सकाळी गवतावर दव होते, वारा फिरला होता. मी सांगितले, "राहू द्या. पाऊस गेला, आता थंडीच." मंगळवारी आभाळ भरून आले, तरी मी माझा शब्द फिरवला नाही. त्या दोन दिवसांत मी रेडिओवरच्या बातम्याही लक्ष देऊन ऐकल्या नाहीत. माझी वही मला पुरेशी वाटत होती.

बुधवारी, ११ नोव्हेंबर २००९ रोजी "फयान" चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून वर सरकत अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर आले. आमच्याकडे वारा आणि पाऊस झोडपून गेला. समुद्रावर गेलेल्या कित्येक होड्या आणि खलाशी परतले नाहीत. त्या दुःखापुढे भाताचे भारे म्हणजे काहीच नाही. पण चाचांचे वर्षाचे भात भिजून त्याला कोंब फुटले, आणि ते माझ्या शब्दावर विसंबल्यामुळे. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मास्तर, तुम्ही कुठे पाऊस पाडलात?" हे शब्द मला रागावण्यापेक्षा जड गेले.

मी वही पुन्हा चाळली. माझ्या नोंदींत चूक नव्हती. चूक होती ती त्यांच्यावरून काढलेल्या निष्कर्षात. अंगणातून मला दिसते ते दहा-पंधरा मैलांचे आकाश. वादळ जन्मते शेकडो मैल दूर समुद्रात. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन काळ असतात, एक पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दुसरा पावसाळा संपल्यावर. म्हणजे जेव्हा आपण निर्धास्त होतो नेमक्या त्याच दिवसांत सावध असावयास हवे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले "निसर्ग" वादळ पहिल्या काळातले. अशा वेळी उपग्रह, रडार आणि शेकडो वेधशाळांचे आकडे ज्यांच्यापुढे असतात, त्या हवामान खात्याचा इशाराच प्रमाण मानला पाहिजे. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याचेही अंदाज कधी चुकतात. पण समुद्राचा इशारा असताना कोणा मास्तराच्या वहीवर भरवसा ठेवून होडी लोटू नये, आणि भारे उघडे ठेवू नयेत.

त्या वर्षापासून मी वहीत तीन रकाने वाढवले. पहिल्यात खात्याची सूचना. दुसऱ्यात माझा अंदाज, आदल्या दिवशी शाईने लिहिलेला, म्हणजे मागून बदलता येणार नाही. तिसऱ्यात प्रत्यक्ष घडले ते. महिनाअखेरीस गुण मोजतो. यातही स्वतःची फसवणूक होऊ शकते. जुलैत कोकणात "उद्या पाऊस" म्हणणारा आणि जानेवारीत "उद्या कोरडे" म्हणणारा जवळजवळ रोजच बरोबर ठरतो. त्यात विद्या नाही. "काल होते तसेच आज" एवढे सांगणाऱ्यापेक्षा माझे अंदाज किती अधिक जुळले, हाच माझा खरा गुण. हा हिशेब प्रथम केला तेव्हा माझी विद्वत्ता बरीच आटली. पण मी काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे त्या दिवशी मला कळले.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, विशेषतः मुलींनो, तुम्हाला एक नाव सांगतो. ॲना मणी या केरळच्या विदुषी १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात दाखल झाल्या. हवामानाची उपकरणे परदेशातून आणावी लागत त्या काळात त्यांनी ती आपल्या देशात तयार करण्याचे काम उभे केले, आणि खात्याच्या उपमहासंचालक पदापर्यंत पोचून १९७६ साली निवृत्त झाल्या. मोजमाप चुकीचे असण्यापेक्षा ते नसलेले बरे, हा त्यांच्या कामाचा कटाक्ष होता. विज्ञानाची वाट अंगणातल्या नरसाळ्यापासूनही सुरू होते.

पालकांना माझी विनंती एवढीच. मुलाने सकाळी साडेआठला पावसात भिजून आकडा आणला तर त्याला वेड्यात काढू नका. त्याला वही आणून द्या. आणि तो म्हणाला की "आज मोजायला विसरलो", तर रागावू नका. "तसेच लिही" म्हणून सांगा. खरे लिहिण्याची सवय पावसाच्या वहीत लागली तर ती पुढे दुकानाच्या, दवाखान्याच्या आणि कचेरीच्या वहीतही टिकेल. आपल्या शाळेच्या आवारात असा एक मापक बसवावा आणि दरवर्षी एका वर्गाने ती वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी, अशी सूचना मी संस्थेपुढे ठेवतो. पहिली वही मी देईन.

शेवटी चाचांविषयी. पुढच्या वर्षी भातकापणीच्या वेळी ते पुन्हा माझ्या दारात आले. मला वाटले होते की ते आता कधी विचारणार नाहीत. ते म्हणाले, "मास्तर, वही काय म्हणते ते सांगा, आणि रेडिओ काय म्हणतो तेही सांगा." मी दोन्ही सांगितले. मग आम्ही दोघांनी मिळून भारे त्याच संध्याकाळी खळ्यावर आणले. पाऊस काही आला नाही. वहीत मी तसेच लिहिले.