थंडी, ताण आणि गल्लीतलं हसू

(छत्रपती संभाजीनगर येथे तरुणांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'हिवाळ्यातला ताण आणि हसणं'. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डॉक्टर नाही, आणि विनोदवीर तर नाहीच, खात्री करायची असेल तर माझ्या बायकोला विचारा. पण ताण कुठून येतो हे शोधण्याची सवय मला आहे. प्रोग्राम बिघडला की आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो: काल चालत होतं, मग मध्ये बदललं काय? हिवाळ्याबद्दलही मी तेच विचारणार आहे.

हिवाळ्यातल्या उदासीची मोबाईलवर माहिती शोधली तर बहुतेक लेख सूर्यप्रकाशाबद्दल सांगतात. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूनुसार येणाऱ्या या नैराश्याचं वर्णन केलं, तेव्हापासून हा विषय जगभर गेला. उत्तरेकडच्या देशांत ते पटण्यासारखंही आहे. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम ६ तासांचा असतो. आपल्याकडे त्याच दिवशी सूर्य सुमारे ११ तास असतो. बीबी का मकबऱ्यासमोर डिसेंबरच्या दुपारी उभं राहा, टोपी लागते. म्हणजे आपल्याला कमी पडतो तो उजेड नाही. मग आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारीत बदलतं काय?

माझ्यासारख्यांचं आधी घड्याळ बदलतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात. न्यूयॉर्कची सकाळी साडेनऊची मीटिंग आपल्याकडे संध्याकाळी ७ला असायची, ती ८ला जाते. एक तास म्हणजे फार नाही, असं साहेबांना वाटतं. पण तो तास कोणता, ते बघा. ईशाची नमाज, जेवण, गल्लीतल्या ओट्यावरचं बसणं, सगळं त्याच तासाच्या आसपास. वाळूज-चिकलठाण्यात तिसऱ्या पाळीला जाणाऱ्यांचं वेगळंच, त्यांना थंडीत रात्री मोटारसायकलवर निघायचं असतं. स्पर्धा परीक्षेवाले अभ्यासिकेत. लग्नांचा हंगाम, त्याचा खर्च. घरातल्या वडीलधाऱ्यांचा दमा. आणि थंडी पडली की दारं लवकर लागतात. हिवाळा आपल्याकडून माणसं काढून घेतो. मग प्रत्येकजण आपापल्या रजईत, आपापल्या मोबाईलवर.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलवर आम्ही हसतोच की! रात्री एकपर्यंत रील्स बघतो. बघता, हो. पण हसता का? नाकातून 'हुं' असा आवाज काढता आणि पुढचं रील लावता. चॅटवर हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवता, आणि पाठवणाऱ्याचा स्वतःचा चेहरा मात्र वीजबिल वाचत असल्यासारखा असतो.

यात थोडं विज्ञानही आहे. रॉबर्ट प्रोव्हाईन नावाचे अमेरिकन संशोधक बाजारात, बागांत लोक कधी हसतात हे टिपत फिरले. हसण्याचे सुमारे १२०० प्रसंग त्यांनी नोंदवले. बहुतेक हसण्याच्या आधी विनोद नव्हताच! 'अरे, आलास का', 'मग काय झालं पुढे' असली साधी वाक्यं होती. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या ३० पट चारचौघांत हसतो. पुढे २०१२ मध्ये ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने हातावर गोठवलेली गार पट्टी बांधून किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळून लोक किती वेळ सहन करतात ते मोजलं. सोबतीनं बघून खळखळून हसल्यानंतर सहनशक्ती वाढलेली दिसली. आणि त्याच तुर्कू शहरात, ६ तासांच्या दिवसाच्या गावात, २०१७ मध्ये १२ तरुणांना जवळच्या मित्रांबरोबर अर्धा तास विनोदी फिती दाखवून नंतर मेंदूची तपासणी केली. वेदना कमी करणारी मेंदूतली स्वतःची द्रव्यं वाढलेली आढळली. १२ माणसं म्हणजे फार छोटा आकडा, त्यावर इमारत बांधू नका. पण या तिन्हींत माणसं सोबत आहेत, हे लक्षात घ्या.

हास्यक्लबाचंही असंच. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ला मुंबईत लोखंडवालाच्या बागेत पाच जणांना घेऊन तो सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगायचे. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि टोचणारे, चावट विनोद सुरू झाले. मग त्यांनी विनोदच काढून टाकले, नुसतं हसणं ठेवलं. मला ते हात वर करून हसणं जमत नाही, संकोच वाटतो. पण विनोद संपला तरी जमलेली माणसं पुरतात, हे त्यांना पंधरा दिवसांत कळलं.

आमच्या गल्लीत लहानपणापासून हे होतं. थंडीत शेकोटी पेटायची. लाकूडफाटा, जुनी खोकी, कोणाच्या तरी घरचं मोडकं स्टूल. एक चाचा होते, गप्पांचे बादशहा. ते सांगायचे, एका वर्षी थंडी अशी पडली, अशी पडली की पाणचक्कीचा हौद गोठला आणि आपण त्यावरून सायकल चालवत पलीकडे गेलो. कोणीतरी विचारायचं, "चाचा, कौनसे साल की बात है?" चाचा गंभीरपणे म्हणायचे, "अरे परसोंइच की तो बात है!"

आता दखनीतलं 'परसों' म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. ते आठवड्यापूर्वीचं असतं, दहा वर्षांपूर्वीचंही असतं, निजामाच्या काळातलंही असू शकतं. (आणि तो 'इच' आपला मराठीतला 'च' आहे. मराठी मुसलमान ही ओळख कुठून आली असं कोणी विचारलं तर त्याला तो 'च' दाखवा.) मग दुसरा म्हणायचा, "चाचा, बर्फ पे ब्रेक लगे क्या?" चाचा म्हणायचे, "ब्रेक थेच नहीं, इसलिएच तो पार हुआ." अशी रात्र चढत जायची.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात अशीच शेकोटी होती. चाचा आता नाहीत, त्यांचे किस्से दुसरे सांगतात. आमच्यातला एक मुलगा त्या सायकलवर सगळ्यांत जास्त हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि हसणं ओसरल्यावर, तशाच डोळ्यांनी म्हणाला, "मेरी नोकरी गई भाई, महिना हुआ." महिनाभर तो रोज डबा घेऊन घरातून निघत होता आणि बागेत बसून संध्याकाळी परत येत होता. अम्मीला माहीत नव्हतं. आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. त्या रात्री कोणी भाषण दिलं नाही. एकाने त्याला चहा दिला, एकाने कुठे जागा आहे ते सांगितलं, आणि घरी सांगायला त्याच्याबरोबर दोघं गेले. तो महिनाभर आमच्या ग्रुपवर विनोद पाठवत होता, हेही सांगतो. रोज. सगळ्यांच्या आधी.

त्यामुळे हसण्यानं नोकरी परत येत नाही, फी भरली जात नाही. हसण्यानं तोंड उघडतं. छातीवरचा दगड थोडा सरकतो आणि त्या फटीतून खरं वाक्य बाहेर येतं. माझ्या मते ताणावर हसण्याचा मोठा उपयोग हा आहे.

या शहराला हसवणारे कमी नव्हते. लक्ष्मण देशपांडे मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे, विभागप्रमुख होते. १९७९ मध्ये त्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' सुरू केलं. एकटा माणूस, ५२ पात्रं, आणि लग्नासाठी विमानात बसलेलं मराठवाड्यातलं खेडं. ज्या बोलीला पुण्या-मुंबईत हसायचे, त्याच बोलीत त्यांनी पुण्या-मुंबईला हसवलं. २००९ मध्ये ते गेले, पण ते वऱ्हाड अजून रंगभूमीवर फिरतं आहे. बोलीला हसणं आणि बोलीत हसणं यांत केवढं अंतर आहे! आपली दखनीसुद्धा हिंदी सिनेमात बहुतेक वेळा नोकराच्या, भोळसटाच्या तोंडी आली. मुलाखतीला जाताना आपण 'नक्को' आणि 'हौ' घरी काढून ठेवतो, चपलेसारखे. पण गुलबर्ग्याच्या सुलेमान खतीब यांनी याच बोलीत अशा कविता केल्या की मुशायऱ्यात लोक आधी हसायचे आणि मग गप्प व्हायचे. 'केवडे का बन' हा त्यांचा संग्रह मिळाला तर घ्या, आणि घरातल्या मोठ्यांकडून मोठ्यानं वाचून घ्या. मराठी रंगभूमीवर शफाअत खान यांनी उपहासाचं जे काम केलंय, तेही आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

आणि पैठण तर आपल्यापासून ५० किलोमीटरवर. सोळाव्या शतकात तिथे संत एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. दोघं एकमेकांच्या रीतिरिवाजांची यथेच्छ टर उडवतात, आवाज चढतो, आणि शेवटी समेट होतो. मला त्यातला मांडणीचा भाग महत्त्वाचा वाटतो. ज्याची थट्टा होतेय तो समोर उभा आहे, आणि त्यालाही तोंड आहे. तो त्याच्या हिंदुस्तानीत उत्तर देतो. आज आपल्यावरचे विनोद बहुतेक आपण नसलेल्या ग्रुपमध्ये फिरतात. किंवा आपण असतो, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर; आपल्या नावावरून, डब्यावरून कोणीतरी काहीतरी बोलतं, आणि वातावरण बिघडू नये म्हणून आपणही हसतो. ते हसणं तोंडापुरतं असतं. त्यानं ताण उतरत नाही, पोटात साठतो. तिथे हसायची सक्ती नाही, मित्रांनो. शांतपणे "हे मला नाही आवडलं" म्हणता येतं. जमलं तर सवाई उत्तर द्या, पण ते रोज जमत नाही आणि जमायलाच हवं असंही नाही.

भीतीचाही मुद्दा आहे, तो टाळून पुढे जाणं बरं नाही. १ जानेवारी २०२१ला मुनव्वर फारुकीला इंदूरमध्ये कार्यक्रमातून अटक झाली. उच्च न्यायालयाने जामीन नाकारला, ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. एका विनोदी कलाकाराचा महिन्याहून जास्त हिवाळा तुरुंगात गेला. तेव्हापासून आपल्याकडची मुलं स्टेटसवर साधी कोटी टाकतानाही दोनदा विचार करतात. काळजी घेणं समजू शकतं. पण ती भीती ओट्यापर्यंत, घराच्या गच्चीपर्यंत आणू नका.

घरातूनही एक हरकत येते: जास्त हसणं बरं नव्हे, दिल मुर्दा होतो. अति हसण्याबद्दल इशारा आहे, खरंच. पण प्रेषितांच्या थट्टेचे प्रसंगही हदीसच्या ग्रंथांत आहेत. एकाने स्वारीसाठी उंट मागितला, तर ते म्हणाले, तुला उंटिणीचं पिल्लू देतो. तो गोंधळला, पिल्लावर बसू कसा? तेव्हा त्यांनी विचारलं, प्रत्येक उंट उंटिणीचंच पिल्लू नसतो का? यात खोटं काही नाही, कोणाचा अपमान नाही. आणि सूरह हुजुरातमध्ये एका समूहाने दुसऱ्याला, स्त्रियांनी इतर स्त्रियांना हिणवू नये असं सांगितलंय. मनाई आहे ती हिणवण्याला.

'मुलींनी मोठ्यानं हसू नये' हा मात्र आपण तयार केलेला नियम आहे. शेकोटीचं मी एवढं कौतुक केलं, पण तिथे फक्त आम्ही पुरुष होतो. आमच्या बहिणी तेव्हा कुठे होत्या? घरात, भांडी आवरत, नाहीतर गच्चीवर तोंडावर ओढणी धरून हसत. ताण त्यांना आमच्यापेक्षा कमी आहे, असं कोणी शपथेवर सांगू शकेल का?

आता एक गंभीर गोष्ट. काही जणांचं दुःख हसण्याच्या पलीकडचं असतं. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच जीव रमत नाही, जगणं नको वाटतं, अशा माणसाला "चल, हस जरा" म्हणू नका. तो जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार आहे. त्याला डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे, १४४१६ हा क्रमांक, फोन फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. २०२२ पासून सुरू आहे. आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवा. कोणासाठी लागेल ते सांगता येत नाही.

बाकी आपल्यासाठी मी एक ठरवलंय, आणि कोणाची परवानगी न घेता जाहीर करतोय. जानेवारी संपेपर्यंत दर शनिवारी रात्री ९ला, माझ्या घराच्या गच्चीवर. त्या दिवशी अमेरिकेला सुट्टी असते. बहिणी, भाभ्या, अम्मी, खालाजान, सगळ्यांनी यायचं, आणि चहा त्या करणार नाहीत, आम्ही करू. मोबाईल जिन्यावरच्या टोपलीत, त्यामुळे कोणाचं रेकॉर्डिंग नाही. जो हजर नाही त्याच्यावर विनोद नाही. पहिला किस्सा चाचांच्या सायकलचा होईल, कारण तो सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्यासाठी नाव द्यायला कोण तयार आहे?