परदेशी शिक्षणाची शिदोरी

महाराष्ट्राच्या सीमेलगत, कर्नाटकातील आळंद तालुक्यात खजुरी हे गाव आहे. अशा गावच्या मराठी घरातील मुलाने परदेशी शिकावयास जावयाचे ठरविले, की पहिला प्रश्न निघतो तो देशाचा. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांकडे विद्यार्थ्यांचा ओढा मोठा आहे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवणीचे शुल्क घेत नाहीत, म्हणून तिकडेही पुष्कळांची पावले वळतात. मात्र राहण्याजेवण्याचा खर्च कोठेच चुकत नाही. शिवाय नियमही पालटतात. २०२४ साली कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली.

म्हणून देशाआधी आधार पाहावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनचा अभ्यास चालू असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून पैसा साठविल्यावर, १९२० साली, ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. एवढ्या बुद्धिमंतालाही द्रव्याअभावी थांबावे लागले.

सीमेवरील घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १९५६ साली हा मुलूख हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आला. राज्याची शिष्यवृत्ती घरची भाषा पाहत नाही, रहिवास पाहते. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. खजुरीच्या अनुसूचित जातीतील विद्यार्थ्याने कर्नाटकाच्या समाजकल्याण खात्याकडे आणि केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीकडे वळावे. आधी रहिवासाचा दाखला हाती घ्यावा, मग जगाचा नकाशा उघडावा.